शेऱ्याचा रकाना



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांना मी आज नुसतं ‘गुरुजी’ म्हणणार आहे. हयात असताना कुणी माईकवरून त्यांचं नाव घेतलं की ते मान खाली घालून सतरंजीकडं बघत बसायचे. म्हसवडात ‘गुरुजी’ एवढं पुरतं.

मागच्या महिन्यात त्यांच्या सूनबाईंनी मला घरी बोलावलं आणि जुन्या लुगड्यात बांधलेल्या तीन वह्या हातावर ठेवल्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, कचेरीत असतात तशा. शाळेच्या अंगणात गुरुजींनी एक पर्जन्यमापक बसवला होता, तो इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आम्ही त्याला ‘गुरुजींचं नरसाळं’ म्हणायचो. रोज सकाळी साडेआठला, प्रार्थना व्हायच्या कितीतरी आधी, ते नरसाळं उचलायचे, आतली बाटली मोजनळीत ओतायचे, नळी डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि वहीत लिहायचे. वहीत चार रकाने. तारीख, वेळ, पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि शेवटी शेरा.

सत्तरच्या दशकातल्या या वह्या आहेत. तिसऱ्या रकान्यातून बोट फिरवलं तर पानामागून पान एकच शब्द दिसतो: निरंक. कचेरीतला शब्द आहे हा. लिहिण्यासारखं काही नाही असं लिहायचं असेल तेव्हा तो लिहितात. हवामानखात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर पाऊस पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्रीनं ढग तिथंच रिते करून घेतले की इकडं महादेवाच्या डोंगराच्या या अंगाला पाचशेच्या आसपास उरतो, तोही बराचसा परतीच्या पावसाचा, भाद्रपद-आश्विनातला. म्हणजे माणदेशात पर्जन्यमापक बसवणाऱ्या माणसानं आयुष्यभर ‘निरंक’ लिहायची तयारी ठेवूनच तो बसवायचा.

पण त्या वह्यांचा चौथा रकाना बघा. सरकारी वहीत शेऱ्याचा रकाना बहुधा कोराच असतो, काही विशेष घडलं तर लिहायचं म्हणून. गुरुजींनी तो एकही दिवस कोरा सोडलेला नाही. एका माघातल्या पानावर आहे: पश्चिमेचा वारा, पोरांनी खिसे भरून बोरं आणली. पुढच्या दिवशी: चौथीतल्या दोघांचे वाडे मेंढरांबरोबर कोकणात उतरलेत, हजेरीवर नाव ठेवले. मग: भारद्वाज दिसला. मग: अकराचा पाढा सगळ्या वर्गाला आला. मग: शाळेच्या दारातली चिंच गाभुळली. डाव्या हाताला ‘निरंक’ आणि उजव्या हाताला हे. मी तिन्ही वह्या वाचल्या आणि आज काय बोलायचं ते ठरलं. मला या रकान्याविषयी बोलायचं आहे.

आपल्याला कुणी विचारलं, “काय चाललंय?” तर आपण काय म्हणतो? “काय न्हाई, रोजचंच.” म्हणजे निरंक. पंधरा दिवस हेच उत्तर, मग यात्रा येते, लगीन येतं, पोराचा निकाल येतो, आणि तेव्हा सांगण्यासारखं काही झालं असं वाटतं. मीही तशीच वाढले. माझ्या लहानपणी वर्षाला एकच दिवस होता. तो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेचा, देवदिवाळीचा, नाथाच्या रथाचा.

तुम्हाला मी रथ काय सांगणार! दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, बारा दिवस नवरात्र चालतं, काही माणसं ते उभ्यानं धरतात. तुळशीच्या लग्नाला सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचं लगीन लागतं आणि मग रथाची वाट बघणं सुरू होतं. त्या दिवशी आभाळ गुलालाचं होतं, खोबऱ्याचे तुकडे अंगावर पडतात, आणि ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ हा एकच आवाज छातीत घुमत राहतो. माझे वडील, अण्णा, त्या दिवसासाठी त्रिशूरहून यायचे.

अण्णा गलाईवाले. आपल्या भागातली, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं या धंद्यावर उभी आहेत. मुशीत सोनं-चांदी गाळायची, तेजाबानं शुद्ध करायची, सराफाच्या दुकानातली झाडण आणून तिच्यातला कण न् कण काढायचा. केरळ, तमिळनाडू, बंगाल, कुठं कुठं आपली माणसं भट्टीपुढं बसलेली असतात. अण्णा वर्षातून आठ-दहा दिवस घरी असत, आणि ते दिवस रथाच्या आगेमागे असत. मग मी काय करायची? भिंतीवर कोळशानं रेघा मारून रथाचे दिवस मोजायची. उरलेले दिवस मला पुसून टाकायचे असायचे. आज एक गेला. आज आणखी एक गेला. दहा वर्षांची पोर दिवसांना ‘गेला’ म्हणते आणि तिला आनंद होतो, हे आता आठवलं की मला चरचरतं.

पण मला आज आठवतो तो रथाचा दिवस नाही. सगळ्या वर्षांचे रथ माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेलेत, गुलालाचा एकच मोठा ढग झालाय. आठवतो तो रथाच्या दुसऱ्या दिवसाचा सकाळचा प्रहर. अण्णांना संध्याकाळच्या एस.टी.नं मिरजेला जायचं होतं. आई चुलीपुढं दशम्या लाटत होती. रस्त्यावर गुलालाचा थर, त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या, पाळणेवाले लोखंड उतरवतायत, कुत्री खोबरं हुंगतायत. आणि अण्णांना आईचं खुरपं दिसलं, मूठ निघालेलं. त्यांनी बाभळीचा एक तुकडा घेतला, विळ्यानं साळला, खुरप्याचं मागचं टोक चुलीत लालभडक केलं आणि लाकडात दाबलं. चर्रर्र झालं, निळा धूर निघाला, जळक्या बाभळीचा वास घरभर झाला. मला म्हणाले, “धर घट्ट. हालू देऊ नको.” मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांचे हात माझ्या हातांवर होते. तेजाबानं बोटांची कातडी पिवळी पडलेली, खरखरीत. एवढंच. गुरुजींनी त्या दिवशी काय शेरा लिहिला ते मी वहीत शोधलं. ‘यात्रा उलगली. शाळेत पटाच्या निम्मी मुले. अंगण झाडून घेतले.’ पाऊस अर्थात निरंक.

ते खुरपं आजही माझ्या घरी आहे. पातं दोनदा बदललं, मूठ तीच.

आपल्या बोलीत ‘दिवस’ या शब्दाचे किती अर्थ आहेत, याचा मी मराठी शिकवताना नेहमी विचार करायची. पुस्तकात दिवस म्हणजे चोवीस तास. आपल्याकडं दिवस म्हणजे सूर्य. ‘दिवस उगवला’, ‘दिवस कासराभर वर आला’, ‘दिवस डोक्यावर आला’, ‘दिवस बुडाला’. कासरा म्हणजे बैलाचा दोर. सूर्य क्षितिजापासून किती वर आलाय हे हातातल्या दोरानं मोजणारी ही भाषा आहे. या माणसाला सूर्याकडं बघावं लागतं, रोज, पुन्हा पुन्हा. घड्याळवाल्याला लागत नाही. बाईला दिवस जातात, तिचे दिवस भरतात, माणूस गेल्यावर त्याचे दिवस घालतात. जन्म, मरण आणि मधली भाकरी या सगळ्यांना एकच शब्द. आणि त्याच भाषेत आपण ‘दिवस ढकलतोय’ असंही म्हणतो. ढकलणं हे ओझ्याच्या बाबतीत असतं. बिघडलेली गाडी ढकलतात. मला हा वाक्प्रचार फार दिवस टोचत होता. मग लक्षात आलं की तो खोटा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना दिवस खरोखरच ढकलावे लागले.

आणि इथं मला थांबून स्वतःलाच एक प्रश्न विचारायचाय. अलीकडं जिकडंतिकडं ऐकू येतं: आत्ताच्या क्षणात जगा, उद्याची चिंता करू नका. शहरात त्याची शिबिरं भरतात, मोबाइलवर त्याचे धडे मिळतात. हे म्हसवडात येऊन कुणाला सांगायचं? १८७६-७७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून इथं जवळ राजेवाडीच्या तलावाचं काम काढलं गेलं. त्या बांधावर माती वाहणाऱ्या बाईला ‘आत्ताच्या क्षणात जग’ म्हणायचं? १९७२ साली आमच्या आयांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या. मी तेव्हा शाळकरी होते, आईच्या तळहाताला पडलेले फोड मी मोजलेत. तिला उद्याची चिंता करू नको म्हणणारा माणूस मला क्रूर वाटला असता. कोरडवाहू माणूस उद्याकडं बघतो म्हणून तगतो. बियाणं राखून ठेवणं, पेवात ज्वारी भरणं, कडब्याची गंज रचून ठेवणं, हे सगळं उद्याकडं बघणंच आहे. ज्यानं ते सोडलं तो एका उन्हाळ्यात संपला.

म्हणून मी जे म्हणते ते यापेक्षा लहान आहे, आणि मला वाटतं अधिक खरं आहे. उद्याची तरतूद करणारे हात आजच्याच दिवसात असतात. गंज रचणाऱ्याच्या हाताला आजचा कडबा टोचतो. डोळे आभाळाकडं लागले तरी हात इथं असतात. गुरुजींनी पाऊस मोजणं कधी सोडलं नाही, पावसाची वाट बघणं सोडलं नाही. पण वाट बघता बघता समोर जे होतं तेही लिहिलं. दोन्ही रकाने एकाच ओळीत.

हे मला नीट कळलं ते छावणीत. २०१२ सालचा दुष्काळ तुम्हाला सांगायला नको. माणदेशी फाउंडेशननं इथं चारा छावणी सुरू केली, ती दीड वर्ष चालली, हजारो जनावरं होती. तिची सुरुवात कशी झाली ते फाउंडेशनच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी जाहीर भाषणांतून सांगितलंय: एक बाई अंगावरचे दागिने गहाण ठेवायला त्यांच्या बँकेत आली, कशासाठी, तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. माझ्या चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी, दोन गाया घेऊन तिथं राहायला गेल्या होत्या. मी साताऱ्याहून त्यांना भेटायला आले. डोक्यात माझ्या मोठमोठे विचार. पाऊस कधी पडणार, योजनेचं पाणी कधी येणार, ही माणसं परत कधी उभी राहणार. पाचटाच्या सावलीला बसून मी बोलत राहिले आणि वहिनी गाईच्या कानातली गोचीड काढत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “गुराला उद्या कळत न्हाई, वन्सं. त्याला आत्ता वैरण पायजे.” आणि उठून पेंड भिजवायला गेल्या.

मी दोन दिवस राहिले. पहाटे शेण काढायचं, पाण्याच्या टँकरला नंबर लावायचा, वैरण तोलून घ्यायची, वाड्याचे तुकडे करायचे. दुपारी बाया घोळक्यानं बसायच्या, एकीच्या केसातल्या उवा दुसरी बघायची, तिसरी जात्यावरची ओवी म्हणायची. संध्याकाळी सगळी जनावरं एकदम रवंथ करायला लागत तेव्हा एक आवाज येई, हजारो दाढांचा, सावकाश. मी तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. संकटाचं वर्ष होतं, माणसं घरदार सोडून माळावर बसली होती, कर्जं वाढत होती. यातलं काहीही मला गोड करून सांगायचं नाही. तरी त्या वर्षातले दिवसही दिवसच होते. एका गाईला तिथंच कालवड झाली, आणि सगळ्या रांगेनं खरवस वाटून खाल्ला.

याच गावातली दुसरी गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. मग बाया दिवसभराचं काम उरकून अक्षरं गिरवायला बसल्या. परत गेल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आपण ही गोष्ट सांगताना बँक उघडली त्या दिवसावर थांबतो, आणि ते बरोबरही आहे. माझं मन मात्र त्या संध्याकाळींकडं जातं. दिव्याखाली बसलेली एखादी भाजीवाली, बोटांना मिरचीचा तिखटपणा लागलेला, ‘ग’ काढतेय आणि त्याची काठी गाठीपासून सुटतेय. त्या संध्याकाळचा रकाना कुणी भरला नाही. बँकेच्या अहवालात तो असायचं कारणही नाही. पण घडलं ते तिथं.

टाकेवाडीचंही असंच. आपल्या तालुक्यातलं हे गाव २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. स्पर्धा ४५ दिवसांची, ऐन एप्रिल-मेच्या उन्हातली. त्या दिवसांत खणलेल्या चरात पाणी कुठलं यायला! चर खणायचे ते पुढं पडणाऱ्या पावसासाठी. पण श्रमदान करणाऱ्या कुणालाही विचारा, ते आधी काय सांगतात? पहाटेचा गार वारा, टिकावाखाली ठिणगी उडणारा मुरूम, कुणाच्या तरी घरून आलेलं ताक, वाटणीवरून भांडलेले दोन भाऊ एका पाटीला दोन्हीकडून हात लावतायत. बक्षीस नंतर येतं बोलण्यात.

निरंक म्हणजे कुणासाठी निरंक, हेही बघायला हवं. आमच्या घराशेजारी सणगरांची आळी होती. म्हसवडची घोंगडी लांबलांबच्या बाजारात जायची. धनगरांनी सूत कातायचं, सणगरांनी विणायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून ती खळ करतात, तिला एक आंबूस, जडसर वास असतो. खळ दिलेला ताणा गल्लीत लांबच्या लांब पसरायचा आणि कुंचीनं सारखा करायचा. त्याला ऊन लागतं. भुरभुर पाऊस आला तर सगळी धावाधाव. म्हणजे गुरुजी वहीत ‘निरंक’ लिहीत होते तेव्हा शेजारची सणगरीण म्हणत होती, आज दिवस चांगला आहे. मग ती खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसायची आणि आम्हा मुलांना तो ठोका झोपेतही ऐकू यायचा. एक घोंगडं व्हायला किती ठोके लागतात ते कुणी मोजत नाही. ते पांघरणाऱ्याला माहीत नसतं. पण एक ठोका सैल पडला की तिथं थंडी आत येते.

वाङ्मयाची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं पुस्तकांविषयी बोलते. व्यंकटेश माडगूळकर आपले, इथून जवळच्या माडगूळचे, १९२७ सालचा जन्म. ‘माणदेशी माणसं’ १९४९ला आलं, ‘बनगरवाडी’ १९५५ला. ‘बनगरवाडी’त एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. त्यात एक मोठा दिवस आहे: वाडीनं मिळून तालीम बांधलेली असते आणि खुद्द राजेसाहेब तिथं येतात. कुठल्याही वाडीच्या इतिहासात असा दिवस शतकात एकदा यायचा. मी ही कादंबरी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली, आणि मुलांना काय लक्षात राहिलं असं विचारलं की राजेसाहेबांची भेट क्वचित कुणी सांगायचं. मुलं सांगायची ती कारभाऱ्याचं बोलणं, आनंदा रामोश्याचं येणं-जाणं, मेंढरांची धूळ, मास्तरची रिकामी शाळा. माडगूळकरांनी मोठा दिवस मोठा करून सांगितला नाही आणि लहान दिवस लहान करून सांगितले नाहीत. शेवटी दुष्काळ येतो, वाडी उठून जाते. ते वाचताना घशात आवंढा येतो, कारण तोवर आपण त्या वाडीचे साधे दिवस जगून झालेले असतो. यात्रेच्या एका दिवसापुरती वाडी बघितलेल्या माणसाला ते ओस पडणं एवढं लागलं नसतं.

सातासमुद्रापलीकडं पॅरिसमध्ये जॉर्ज पेरेक नावाच्या लेखकानं १९७४च्या ऑक्टोबरात एक वेगळंच काम केलं. एका चौकात तो तीन दिवस बसून राहिला आणि समोर जे दिसेल ते लिहीत गेला. बस गेली. कबुतरं उडाली. कुणी पिशवी घेऊन गेलं. काहीही विशेष घडत नसताना काय घडतं, हे त्याला बघायचं होतं. मी ते प्रथम वाचलं तेव्हा मला गुरुजी आठवले. त्याच वर्षांत, त्याचं नावही न ऐकलेला एक प्राथमिक शिक्षक म्हसवडात तेच करत होता. पेरेकनं तीन दिवस केलं, गुरुजींनी वर्षानुवर्षं. मी तुलना करून पेरेकला कमी लेखत नाही. मला फक्त आनंद होतो की दोन अनोळखी माणसांना जगाच्या दोन टोकांना एकाच गोष्टीची ओढ लागली.

आणि अगदी घरचं उदाहरण. इथून साताऱ्याकडं निघालं की दहिवडीच्या अलीकडं गोंदवलं लागतं. गोंदवलेकर महाराजांनी १९१३ साली तिथं देह ठेवला. त्यांच्या प्रवचनांचं पुस्तक तुमच्यातल्या पुष्कळ घरांत आहे. त्याची रचना बघा. एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, प्रत्येक तारखेला एक पान. माझी आई रोज सकाळी अंघोळ झाली की त्या तारखेचं पान वाचायची. आदल्या दिवशीचं राहिलं तर मागं जायची नाही, उद्याचं आधी बघायची नाही. “आजचं पान आज,” म्हणायची. ती फारशी शिकलेली नव्हती, बोटानं ओळ धरून वाचायची. शेवटच्या दोन वर्षांत तिची नजर गेली तेव्हा ते पान मी वाचून दाखवायची.

त्या दोन वर्षांविषयी मला थोडं सांगायचंय. मी निवृत्त होऊन तिच्याजवळ राहायला आले तेव्हा माझ्या मनात याद्या होत्या. तिला पंढरपूरला न्यायचं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, नाशिकच्या मावशीला भेटवायचं, एकदा त्रिशूरलाही न्यायचं, कारण नवरा जिथं उभा जन्म भट्टीपुढं बसला ती जागा तिनं कधी पाहिली नव्हती. यातलं निम्मं झालं, निम्मं झालं नाही. त्रिशूर राहिलं. ते राहिल्याचं दुःख आहे आणि राहील.

पण तिला स्वतःला यादीत रस नव्हता. ती सकाळी उंबऱ्यात उन्हाला बसायची आणि मला विचारायची, “दिवस कुठवर आला?” मी म्हणायची, साडेनऊ झाले. तिला ते उत्तर चालायचं नाही. “अगं, कुठवर आला ते सांग.” मग मला बाहेर येऊन बघावं लागे. कडुलिंबाच्या फांदीला लागलाय. शेजारच्यांच्या पत्र्यावर आलाय. तुझ्या पायावर आलाय, आई. मग ती पाय थोडा पुढं करायची. आधी आधी मला हे पोरकट वाटायचं, हातातली कामं सोडून उठावं लागायचं. महिन्याभरात माझी सवय अशी झाली की तिनं विचारायच्या आधी मी बाहेर येऊन बघून ठेवायची. पौषातलं ऊन आणि माघातलं ऊन एकाच पायरीवर एका वेळी पडत नाही, हे मी वयाच्या साठाव्या वर्षी शिकले. आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली आणि ‘कासराभर’ म्हणजे नेमकं किती, ते मला माझ्या आंधळ्या आईनं दाखवलं.

ती दुपारी शेंगा फोडायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण किडका दाणा बोटांना कळायचा, तो ती बाजूला टाकायची. त्या शेंगांच्या आवाजात आम्ही बोलायचो, बऱ्याचदा बोलायचोही नाही. मला कुणी फोनवर विचारलं, “काय चाललंय?” तर मी म्हणायची, “काही नाही, रोजचंच.” आणि फोन ठेवल्यावर मला आपण काहीतरी लपवल्यासारखं वाटायचं.

तरुण मुलं इथं मागं उभी आहेत, त्यांच्यातली बरीच पुण्या-मुंबईला, काही गलाईच्या दुकानांवर, काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. बाळांनो, तुम्ही परीक्षा देऊ नका, पुढचं बघू नका, असं मी सांगणार नाही. तुमच्या आई-बापांनी ढकललेल्या दिवसांवर तुम्ही उभे आहात, त्यांना तुमचं पुढचं बघायचंय. मला तुमच्याकडून एकच हवंय. घरी फोन लावाल तेव्हा “बरंय ना सगळं?” एवढ्यावर ठेवू नका. आईला विचारा, आज भाजी कसली केली, कोंबडी कुठं अंडं घालतेय, चिंच गाभुळली का. तिला आधी नवल वाटेल, विचारेल, बरं हाय ना तुला? मग सांगायला लागेल. ती सांगेल ते ऐका.

गुरुजींच्या वहीकडं परत येते आणि थांबते. १९७२च्या वहीत आषाढ-श्रावणातही ‘निरंक’ची रांग आहे. शेऱ्यात त्या वर्षी ओळी आखूड होत गेल्या आहेत. शाळेत सुकडी आली. दोन मुले कामावर, दगड फोडतात. चिमण्या मोजनळीच्या भांड्याशी येतात, वाटीत पाणी ठेवले. ही चिमण्यांच्या वाटीची नोंद त्यानंतर रोज आहे, ‘वाटी भरली’, ‘वाटी भरली’, जवळजवळ अडीच महिने. पाणी तेव्हा कसं मिळत होतं ते इथल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे.

आणि मग एका तारखेला तिसऱ्या रकान्यात निरंक नाही. आकडा आहे. दोन पूर्णांक चार. अडीचला एक दशांश कमी. हवामानखात्याच्या हिशेबात तोही पावसाचा दिवस ठरत नाही. शेऱ्यात लिहिलंय: मुले अंगणात नाचली, पाटी-दप्तर भिजले, कोणासही रागावलो नाही.

ते नरसाळं आता नव्या इमारतीच्या मागं आहे. सातवीतल्या मुली आळीपाळीनं नोंद घेतात, असं बाईंनी मला मघाशी सांगितलं. मी त्यांना वही दाखवा म्हटलं. छापील वही आहे, रकाने तेच. शेऱ्याचा रकाना बराचसा कोरा होता, पण कालच्या तारखेपुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं दिसलं. उजेडाकडं धरून मी ते वाचलं. ‘हरभऱ्याला घाटे आले.’ ते खोडलं का, असं विचारलं तर ते लिहिणारी मुलगी लाजून म्हणाली, पावसाचं न्हाई ना ते. मी तिला तिच्या हातानंच ते परत, पेनानं, लिहायला लावलं. उद्या सकाळी साडेआठला तिची पाळी आहे.